माझ्याच चुकीचा हेवा

४ ऑगस्ट

लॅबमध्ये आज नवी मुलगी रुजू झाली. रेणू बिरादार, वय अठ्ठावीस, पुण्याहून पीएच.डी. करून आलेली, पण मूळची इथलीच. वडील हिम्मतराव, त्यांचं गौलीगुड्यात बियाण्यांचं दुकान, घर नारायणगुड्यात. लॅबच्या प्रमुख पद्मावती मॅडमनी ओळख करून दिली, "सरोज, घ्या, खास तुमच्या भाषेची मुलगी आणली." जशी काही मी मागितली होती. (मॅडम बोलतात इंग्रजी-तेलुगूत, मी इथे मराठीत लिहिते.)

मुलगी पहिल्या पाच मिनिटांत मला ताई म्हणाली. अकरा वर्षं या लॅबमध्ये सगळे सरोज मॅडम म्हणतात. "ताई, तुमचं लई नाव ऐकलंय. सुईनं इतकं बारीक इंजेक्शन हैदराबादेत कुणी मारत नाही म्हणे." मी म्हटलं, "इंजेक्शन देतात, मारत नाहीत." ती खळखळून हसली. तिला वाटलं मी गंमत केली.

संध्याकाळी मॅडमनी दोघींना बोलावून सांगितलं की मार्चमध्ये प्रकल्पाचा हा टप्पा संपतो आणि पुढच्या टप्प्यात शास्त्रज्ञाची एकच जागा आहे. नोव्हेंबरच्या शेवटी बाहेरची समिती येईल, काम बघेल आणि त्यावरून ठरेल. म्हणजे हिशेब सरळ आहे. एक तर ती, नाही तर मी. मी सेहेचाळीस वर्षांची आहे आणि मला दुसरं काही येत नाही.

११ ऑगस्ट

मावसबहीण कविताचा फोन. "सरू, तू नक्की करतेस तरी काय गं?" दर वर्षी विचारते, दर वर्षी विसरते.

तिला सांगितलं ते इथेही लिहून ठेवते. ऑपरेशनमध्ये काही बायकांची गर्भनलिका काढावी लागते. त्यातल्या काहीजणी संमतीपत्रावर सही करून तो तुकडा आम्हाला देतात. आतल्या अस्तराच्या पेशी सुट्या करून आम्ही त्या जेलच्या थेंबात ठेवतो, ऊब देतो, खायला घालतो. दोन आठवड्यांत त्यांचे पोकळ गोळे तयार होतात, मोहरीहून लहान. ऑर्गनॉइड असं भारदस्त नाव आहे, मी गोळेच म्हणते. त्यांना आतून बारीक लव असते आणि ती खऱ्या नलिकेतल्यासारखी हलते. या गोळ्यांना आम्ही मुद्दाम क्लॅमिडियाची लागण करतो. हा जंतू कित्येक बायकांच्या पोटात काही कळू न देता राहतो, आणि कळतं तेव्हा नलिका बुजलेली असते. जिवंत बाईच्या आत रोज डोकावता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

जंतू लव असलेल्या बाजूने शिरतो, आणि ती बाजू गोळ्याच्या आत. त्यामुळे काचेच्या सुईने प्रत्येक गोळ्याच्या पोटात जंतू सोडावे लागतात. हात तसूभर हलला की गोळा फुटतो. माझा हलत नाही.

कविता म्हणाली, "शी! ताटलीत कसले बायकांचे रोग लावता?" आणि मग तिच्या सुनेबद्दल बोलत बसली.

२६ ऑगस्ट

रेणूने गोळे उलटे केले.

जेल धुऊन काढलं, गोळे नुसते तरंगत ठेवले, आणि तीन दिवसांत ते पायमोजा उलटा करावा तसे आतले बाहेर झाले. कुठल्याशा शोधनिबंधात वाचलं होतं म्हणे. आता लव बाहेर, आणि त्या लवेच्या जोरावर गोळे ताटलीत गरागरा फिरतात. वरून जंतूंचा थेंब टाकला की झालं. सुई नको, की सुई धरणारी नको. मॅडमनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. मीही पाहिलं. फार सुंदर होतं, आणि ते इतकं सुंदर होतं याचाच मला राग आला.

"आता ताईंना मान मोडून बसायला नक्को," रेणू सगळ्यांसमोर म्हणाली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी नवऱ्याला, गिरीशला सांगितलं तर म्हणाला, "बरंच झालं की, तुझी मान दुखतेच." माणूस कोर्टात इतकी वर्षं उलटतपासणी घेतो आणि घरात कुठे काय बोलावं ते कळत नाही.

१६ सप्टेंबर

लॅबचं सगळं माध्यम, म्हणजे गोळ्यांचं खाणं, मीच बनवते. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालत नाही. आमच्याकडे साधी रीत आहे. निळी पट्टी लावलेल्या बाटलीत पेन-स्ट्रेप, म्हणजे पेनिसिलिन असलेलं औषध, एक कुपी घातलेलं असतं. ते गोळे वाढवताना वापरायचं, म्हणजे भलते जंतू येत नाहीत. लागण करायची असेल तर बिनपट्टीची बाटली घ्यायची, तिच्यात औषध नाही, नाही तर आपलेच जंतू मारून टाकू.

आज मॅडमनी रेणूसाठी चार बाटल्या करायला सांगितल्या, दोन पट्टीच्या, दोन साध्या. मी हूडखाली, म्हणजे गाळलेल्या हवेच्या काचकपाटात, काम करत होते आणि बाहेर त्या दोघी बोलत होत्या. "असा उत्साह या लॅबमध्ये मी किती वर्षांत पाहिला नव्हता," मॅडम म्हणाल्या. किती वर्षांत म्हणजे अकरा वर्षांत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाटल्या करून तिच्या फळीवर ठेवल्या. अर्ध्या लिटरच्या आहेत, तिच्या इवल्याशा ताटल्यांना दोन महिने पुरतील.

२९ सप्टेंबर

मॅडम बतुकम्माच्या सणाची फुलं घेऊन आल्या होत्या, सगळ्या लॅबला झेंडूचा वास.

माझ्या सुईच्या गोळ्यांत लागण झकास. रेणूच्या उलट्या गोळ्यांत काही नाही. जंतू आत शिरतात आणि तिथेच अडतात. वाढत नाहीत, मरतही नाहीत, नुसते फुगून बसतात. दुसऱ्यांदा केलं, तरी तेच. दुपारी डबा खाताना म्हणाली, "ताई, जिंदा हायत का मेलेत तेच कळेना झालंय. लई परेशान आहे मी." मी म्हटलं, "होतं असं. घाईने होत नाही हे काम." तिने आणलेली अंबाडीची भाजी चांगली होती. दोनदा घेतली.

खरं लिहायचं तर आज मी फार खूश आहे.

९ ऑक्टोबर

जळ्ळं नशीब.

मॅडमनी तिच्या ताटल्या बघितल्या आणि पहिला प्रश्न मलाच. "सरोज, पेनिसिलिन असलं की क्लॅमिडिया असाच फुगून बसतो. बाटल्या साध्याच होत्या ना?" मी म्हटलं, "साध्याच. मी स्वतः केल्या." मग मॅडम खुर्चीत बसल्या आणि रेणूकडे बघून म्हणाल्या की औषध नसताना हे होत असेल, तर ही फार मोठी गोष्ट आहे. म्हणजे नलिकेचं अस्तरच जंतूला मारत नाही, दडवून ठेवतं. इतक्या बायकांना काहीच का कळत नाही, याचं उत्तर इथे असेल. सुईच्या गोळ्यांत हे दिसलं नाही कारण आपण सुईने अस्तर दुखावतो, असंही म्हणाल्या.

म्हणजे माझी अकरा वर्षं अस्तर दुखावण्यात गेली.

१४ ऑक्टोबर

फ्रीजरच्या दारावर कुप्यांचा कागद असतो. काय काढलं, कोणी, कधी. महिन्याचा साठा जुळवायला बसले होते. १६ सप्टेंबरला माझ्या अक्षरात पेन-स्ट्रेपच्या चार कुप्या काढल्याची नोंद आहे. चार बाटल्या, चार कुप्या. दोनच घालायच्या होत्या.

दोनदा तपासलं. डब्यातल्या कुप्या मोजल्या, आकडा बरोबर आला. कागदावर नेहमीसारखी तपासल्याची खूण केली आणि घरी आले. गिरीशला काही सांगितलं नाही. वरणभात खाल्ला.

तिच्या साध्या बाटल्या साध्या नाहीत. तिचा शोध म्हणजे माझ्या हाताने घातलेलं औषध आहे. आणि माझी स्वतःची बाटली आठवडाभर आधी केलेली, म्हणून माझ्या गोळ्यांत सगळं ठीक.

१६ ऑक्टोबर

उद्या सांगू म्हणून कालचा दिवस गेला, आज सांगू म्हणून आजचा गेला. सांगितलं तर मॅडम म्हणतील, जिच्यावर विसंबून सगळी लॅब चालते तिच्याच हातून हे. मार्चची जागा गेली म्हणून समजा. नाही सांगितलं तर जागा रेणूला. दोन्हीकडून मीच मरते.

आज संस्थेच्या कॅन्टीनमध्ये दुसऱ्या विभागातले लोक तिला विचारत होते, ते दडणाऱ्या जंतूंचं काय गं? ती हात हलवून हलवून सांगत होती. मी पलीकडच्या टेबलावर डोसा खात ऐकत होते. असं वाटत होतं की उठावं आणि म्हणावं, अहो ते माझं आहे, मी केलंय ते! माझ्याच चुकीचा मला हेवा वाटतोय. वेड लागायची पाळी आहे.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. रेणू जांबागला आमच्या घरी आली, आईने केलेले अनारसे घेऊन. न सांगता. गिरीशशी गप्पा मारत बसली, त्याला ती फार आवडली. भिंतीवरच्या फोटोंवरून नजर फिरवत तिने सरळ विचारलं, "ताई, मुलं?" गिरीश चहा आणायला उठला. मी म्हटलं, "नाहीत. एकदा राहिलं ते नलिकेतच राहिलं. उजवी काढावी लागली, डावी आधीच बुजलेली निघाली." डॉक्टर म्हणाले होते, जुनी लागण असणार, तुम्हाला कळलीही नसेल. मला खरंच काही कळलं नव्हतं. ताप नाही, दुखणं नाही, काही नाही.

रेणू माझा हात धरून बसली. मग म्हणाली, "आपण शोधून काढू ताई. तो कसा दडतो ते आपण शोधून काढूच."

मी हात सोडवून घेतला. ती गेल्यावर तिचे अनारसे एकामागून एक पाच खाल्ले. एरवी मी अनारसा खात नाही.

६ नोव्हेंबर

ठरलं. २८ तारखेला समितीसमोर रेणूच बोलणार. माझ्या सुईच्या कामाला शेवटी पाच मिनिटं.

आज मनात आलेलं लिहून टाकते, म्हणजे बाहेर पडेल. बोलू दे तिला. चढू दे चांगली वर. मग कुणीतरी कधीतरी तो प्रयोग पुन्हा करेल आणि काही दिसणार नाही, तेव्हा बघू. मला काही करायचंच नाही, गप्प राहायचंय फक्त. लिहून बाहेर पडेल असं वाटलं होतं. नाही पडलं.

२० नोव्हेंबर

रंगीत तालीम झाली. रेणू छान बोलली. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मॅडमनीसुद्धा, आणि मॅडम कधी टाळ्या वाजवत नाहीत. मीही वाजवल्या.

नंतर ती माझ्या बाकाशी आली. "ताई, साधी बाटली संपली. समितीच्या आधी एकदा शेवटचं करून बघायचंय. एक बनवून देता का? तुमच्याच हातची पायजे मला."

हूडखाली बसले. बाटली उघडली. साधी करून दिली तर परवापर्यंत तिच्या गोळ्यांत धडाधड लागण होणार आणि शोध फुस्स. पेन-स्ट्रेप घातलं तर शोध टिकणार, आणि मग ती चूक राहणार नाही, लबाडी होईल. कुपी वितळवून हातात धरली होती. टोपण काढलं होतं.

आणि घालवेना. फार सज्जन आहे म्हणून नव्हे. हे घालायचं म्हणजे तिचा शोध मी माझ्या हाताने जगवायचा, तिला त्या टाळ्या मीच मिळवून द्यायच्या, ते मला सहन होईना. कुपी टाकून दिली. बाटली बनवलीच नाही. डोकं दुखतंय म्हणून घरी आले.

२१ नोव्हेंबर

सकाळी मॅडमना सांगितलं. चार कुप्या, सगळं. रेणू तिथेच होती. मॅडमनी कपाळाला हात लावला, मग आधी तिलाच झापलं, तुझे गोळे एका बाटलीवर आणि तुलनेचे दुसऱ्या बाटलीवर, हे पीएच.डी. झालेल्या मुलीला कळू नये? मग माझ्याकडे वळून विचारलं, "कधी लक्षात आलं?"

मी म्हटलं, "काल."

मॅडम उठून आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, समितीच्या आठ दिवस आधी स्वतःहून येऊन सांगायला हिंमत लागते, अशीच माणसं मला लॅबमध्ये हवीत. रेणूचा चेहरा पांढरा पडला होता. तरी म्हणाली, "ताई, वाचवलं तुम्ही मला. सगळ्यांपुढे तोंडघशी पडले असते."

जागा मला मिळणार असं दिसतंय. गिरीशला सांगितलं. तो म्हणाला, "मग तोंड का असं?"

२४ नोव्हेंबर

रेणू सकाळी फ्रीजरचा कागद घेऊन आली. चिडलेली नव्हती. बाकावर कागद पसरला आणि बोट ठेवलं. चार कुप्यांच्या नोंदीपुढे माझी बरोबरची खूण, खाली स. दे. अशी सही, आणि तारीख. १४ ऑक्टोबर.

अकरा वर्षांत जे तपासलं त्यावर सही-तारीख टाकल्याशिवाय हात उठला नाही माझा. त्या दिवशीही उठला नाही, आणि आपण काय केलं हे आजपर्यंत लक्षातही आलं नव्हतं.

"अडतीस दिवस," ती म्हणाली. "दिवाळीला मी घरी आले तवा ठाऊक होतं तुम्हाला."

"हो."

"कायकू ताई? मला एकटीला तरी सांगायचं. मी मॅडमला काहीतरी बोलून निभावलं असतं की."

खरं उत्तर होतं, तुझ्यावर जळत होते म्हणून. ते सेहेचाळिसाव्या वर्षी तोंडाने कसं म्हणायचं?

"मॅडमला मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा." कागद तिने परत दारावर लावला, चारही कोपरे नीट चिकटवून.

२५ नोव्हेंबर

सांगितलं. "काल नव्हे, १४ ऑक्टोबरला," एवढंच म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं, सरोज. तुमच्यावर विसंबून मी त्या मुलीला स्वप्न दाखवलं." मी सांगू शकले असते की त्यांनी विचारलं तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. सांगितलं नाही. बाहेर आले तर रेणू पलीकडे गोळे धूत होती. तिने मान वर केली नाही.

२८ नोव्हेंबर

समिती आली, गेली. रेणूने चूक पहिल्याच वाक्यात सांगून टाकली, कुणाचं नाव न घेता. "आमच्या बाटलीत औषध होतं." मग म्हणाली, तरीही यातून एक प्रश्न उरतो. औषधाने दडलेला जंतू औषध काढल्यावर काय करतो? गर्भनलिकेच्या अस्तरात हे आम्ही बघितलेलं नाही, आता मुद्दाम बघू. समितीतले म्हातारे प्राध्यापक पुढे सरकून बसले.

माझी पाच मिनिटंही झाली. कुणी काही विचारलं नाही.

१९ जानेवारी

पत्र आलं. जागा रेणूची. माझी मुदत ३१ मार्चपर्यंत. गिरीश म्हणाला, "एक वर्ष घरी बस, मान तरी बरी होईल." या वेळी मला हसू आलं, मग रडू आलं.

रेणू कामापुरतं बोलते. डबा वेगळा खाते. बाटल्या स्वतः बनवते, निळी पट्टी दोनदा गुंडाळते. मी बनवलेली बाटली तिच्या फळीवर नसते.

२७ मार्च

खोके भरत होते. रेणू दारात आली. "मायक्रोस्कोपवर या."

गेले. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर एक उलटा गोळा होता, निळसर, आणि त्याच्या पेशींत हिरवे ठिपके, म्हणजे जंतू. ती तारखा सांगत गेली. इथे पेनिसिलिन दिलं. हे बघा, जंतू फुगून गप्प. दहा दिवस गप्प. इथे औषध धुऊन काढलं. मग तिने पुढचं चित्र लावलं आणि सगळा गोळा हिरवा झाला. एकूण एक पेशी. "तीन वेगळ्या बायकांच्या गोळ्यांत तसंच," ती म्हणाली. "तीनदा केलं. तुलनेचे गोळेही त्याच बाटलीवर."

मला चोविसाव्या वर्षी घसा धरला होता. कोठी भागातल्या औषधाच्या दुकानातून पेनिसिलिनच्या गोळ्या आणून घेतल्या होत्या, आठवडाभर. त्याचा याच्याशी संबंध असेलच असं नाही, ताटलीतला गोळा म्हणजे बाई नव्हे, हे मी नवीन मुलांना दर वर्षी सांगते. तरी पडद्यावरचं ते हिरवं बघून मी भिंतीला टेकले.

रेणूने बघितलं. ती खुर्चीतून उठली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा. चार वाजेपर्यंत मशीन माझ्या नावावर आहे. नीट बघून घ्या, सगळे गोळे आहेत." आणि दार ओढून घेऊन ती बाहेर थांबली, कुणी आत येऊ नये म्हणून.

मी चार वाजेपर्यंत बसले. एकेक गोळा बघितला. रडले, ते तिथे कुणाला दिसलं नाही. माझ्या आत वीस-बावीस वर्षांपूर्वी काय झालं असेल ते पहिल्यांदा असं समोर ठेवून कुणीतरी मला दाखवलं होतं, आणि ते दाखवणारी ही होती, जिला मी अडतीस दिवस बुडू देत होते.

पण या वहीत खोटं लिहायचं नाही. डोळे पुसल्यावर पहिलं मनात आलं ते हेच, की औषध काढून बघायचं, इतकी साधी गोष्ट. कुपी माझी, चूक माझी, नलिका माझी, आणि हे तिला सुचलं, मला का नाही सुचलं?